बुधवारचं तिकीट

सान्तियागो ते ऑकलंड,
नऊ हजार सहाशे आणि वर काहीतरी किलोमीटर.
एलिसेओने लाकूडवाल्याच्या पावतीमागे लिहून दिलं,
आणि त्याखाली: तेरा तास, वारा धरून.

वारा धरून म्हणजे काय ते मला सांगायला नको.
इथे पुएर्तो नातालेसमध्ये तो पत्र्याखाली बोटं घालतो,
दोरीवरची चादर शेजारणीच्या अंगणात नेऊन देतो,
कुत्रीसुद्धा तिरकी चालतात.
तोच समुद्रावर विमानाच्या छातीला हात लावून उभा.
जाताना दोन तास जास्त लागतात ते त्याचे.
येताना पाठीत ढकलतो.

भाच्याच्या शाळेतला पृथ्वीचा गोल आणला,
दोन गावांवर लोकरीचा धागा ताणून धरला.
तो सरळ राहीना. आपोआप दक्षिणेकडे घसरला,
अर्ध्या वाटेत आमच्या गावाच्या अक्षांशाला टेकला
आणि मग वर चढला.
माझी सासू, दोन्या एडेल्मिरा, चष्मा पुसून म्हणाली,
म्हणजे उंबऱ्यापर्यंत येऊन आत न येता गेला की!
उंबरा चार हजार किलोमीटरवर आहे, मी म्हटलं.
तिने ते मनावर घेतलं नाही.

मंगळवारी रात्री साडेअकराला तो उडाला.
गुरुवारी पहाटे साडेचारला उतरला.
मधला बुधवार कुठे गेला म्हणाल तर
समुद्रात एक रेघ आहे म्हणतात, न दिसणारी,
तिथे जकात घ्यावी तसा
प्रत्येकाकडून एकेक दिवस काढून घेतात.

त्याच बुधवारी सकाळी दहाला,
तीन आठवडे आधीच, अमानकाय जन्मली.
दोन किलो सातशे.
नर्सने विचारलं, बाप कुठे आहे?
मी वर बोट दाखवलं.
तिने छातीवर क्रूस काढला, माझा हात हातात घेतला,
तेव्हा मला हसू फुटलं,
टाके धरून हसले.
अगं, विमानात आहे.

तिकडे त्याने मेंढ्या भादरल्या,
दिवसाला दोनशे, कधी दोनशे वीस.
इथून फोन लावावा तर तिथे उद्या उजाडलेला.
कसा आहे उद्या, मी विचारायची.
पाऊस आहे, म्हणायचा. पाठ दुखतेय.
एकदा मुकादमाने विचारलं, पोरगी कधीची?
याला सांगता येईना.
तारीख माहीत होती,
पण त्या तारखेला हा कुठेच नव्हता.

डिसेंबरात परतताना त्याने हट्टाने बुधवारचं तिकीट काढलं.
मंगळवारचं साठ हजार पेसोंनी स्वस्त होतं.
मी भांडले, साठ हजारात किती लाकडं येतात माहितीये?
त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला,
बुधवारी संध्याकाळी सहाला निघून
त्याच बुधवारी दुपारी एकला उतरतो,
निघायच्या पाच तास आधी.
माझा एक बुधवार त्यांच्याकडे अडकलाय,
तो घेऊन येतो.

रात्री नऊला दारात उभा राहिला.
आमच्याकडे डिसेंबरात नऊलाही उजेड असतो.
बोटं लोकरीच्या तेलाने मऊ पडलेली,
डोळे लाल, दोन बुधवार जागलेले.
अमानकायने त्याच्याकडे पाहिलं
आणि टाहो फोडला.
चार महिन्यांची पोर,
तिला काय रेघ आणि काय जकात.

दारापासून पाळण्यापर्यंत सहा पावलं असतील.
चौथ्या पावलावर त्याने बॅग खाली ठेवली,
ती आणखी मोठ्याने रडली,
तो दोन पावलं मागे गेला.
मग चुलीपाशी स्टूल ओढून
ती झोपायची वाट बघत बसला, बूट न काढता.
बाहेर वारा पत्रा उचकटत होता.
दोन्या एडेल्मिराने एक ओंडका सारला,
त्याच्या हातात माते दिलं.
पोर शांत झाली तेव्हा
गुरुवार लागून वीस मिनिटं झाली होती.